तिचं आजारपण आणि घरातला माणूस



आरोग्याच्या पाठात आपण दर वेळी बाईच्या तब्येतीबद्दल बोलतो. रक्त कमी होणं, अंगावरून जाणं, स्तनातली गाठ, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी. या वेळचा पाठ जरा वेगळा आहे. बाईला कॅन्सर झाला, तर तिच्या नवऱ्याचं काय होतं?

तुमच्यातली एखादी लगेच म्हणेल, "ताई, दुखणं तिचं आणि कौतुक त्याचं करायचं होय? आयुष्यभर त्यांचंच बघितलं की!"

बरोबर आहे. पण थोडा विचार करा. कॅन्सरचा उपचार म्हणजे एक सुई घेतली आणि घरी आलं, असं नसतं. ऑपरेशन, मग केमो, तोही बऱ्याचदा २१ दिवसांनी एक असा कितीतरी वेळा. मग रेडिएशन, ज्याला आपल्याकडं कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट म्हणतं. ते आठवड्यातले ५ दिवस, असं काही आठवडे चालतं. सगळं मिळून सहा महिने, कधी वर्षही लागतं. एवढे दिवस तिला नेणार कोण, आणणार कोण? तिच्या गोळ्या, तिचा ताप, मुलांचे डबे, म्हातारीचं पथ्य कोण बघणार? बहुतेक घरांत पहिलं उत्तर येतं ते नवऱ्याचं. तो मधेच खचला, तर खेपा चुकतात. खेपा चुकल्या की उपचार अर्धवट राहतो, आणि अर्धवट राहिलेला उपचार तिच्या जिवावर बेततो.

म्हणून हा पाठ. त्याच्याकडं बघायचं, ते तिच्यासाठीच.

एक घर डोळ्यासमोर आणा

आपल्यासारखंच एक घर. दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. एक गाय, दूध डेअरीला जातं. सासू आहे, मुलगी दहावीला, मुलगा सहावीत. बाई गटाची सचिव. दिवाळीत तिला स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. नवऱ्याला एकदा बोलली. तो म्हणाला, "एवढं सोयाबीन निघू दे, मग जाऊ." सोयाबीन निघालं, तूर आली, संक्रांत गेली. शेवटी दवाखान्यात गेले तेव्हा तुकडा काढून तपासला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे.

त्या खोलीत दोघं शेजारी बसलेले. "कॅन्सर" हा शब्द ऐकल्यावर डॉक्टर पुढं दहा मिनिटं बोलत होते, पण नवऱ्याच्या कानात काही शिरलं नाही. येताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत राहिला. घरी आल्यावर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शेतात गेला, तो अंधार पडल्यावरच आला. तिसऱ्या दिवशी तेच.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. "बघा, बायकोला एवढं मोठं दुखणं आणि याला शेत सुचतंय."

आता त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, ते बघू.

*ही वाचेल का?* हा पहिला प्रश्न. तो कुणाला विचारायचा? डॉक्टरांना विचारायचं धाडस होत नाही. आईला विचारलं तर ती रडायला लागते. बायकोला तर विचारताच येत नाही.

*पैसा कुठून आणू?* गाय विकू, का सावकाराकडं जाऊ? खताची उधारी अजून फिटलेली नाही.

*लेकरांचं काय?* मुलीचं दहावीचं वर्ष. तिला घरी बसवावं लागेल का?

आणि सगळ्यात आत एक टोचणी. *तिनं मला दिवाळीत सांगितलं होतं. मीच म्हणालो, सोयाबीन निघू दे.*

हे शेवटचं वाक्य तो कधीच कुणाला बोलून दाखवत नाही. पण तेच त्याला झोपू देत नाही. बायकोच्या तोंडाकडं बघवत नाही, म्हणून तो शेतात पळतो. बाहेरून दिसायला ही बेफिकिरी दिसते. आत मात्र भीती आणि अपराधीपणा असतो.

त्याच्यात काय काय बदल होतात?

देशोदेशीच्या डॉक्टरांना अभ्यासात हे दिसलं आहे, की कॅन्सरच्या रुग्णाच्या जोडीदाराची काळजी आणि उदासी कित्येकदा रुग्णाच्या इतकीच असते. फरक एवढाच, की येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "वहिनी कशा आहेत?" आणि "तुम्ही कसे आहात?" असं त्याला कुणी विचारत नाही.

प्रत्येक माणूस वेगळा असतो, पण साधारण हे बदल दिसतात:

* कुणी एकदम गप्प होतो. कुणी कामात बुडवून घेतो.
* कुणी चिडचिड करतो. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मुलावर ओरडतो. राग भाजीचा नसतो.
* झोप उडते, जेवण तुटतं, वजन उतरतं. बीपी, साखर असेल तर गोळ्या चुकतात.
* तंबाखू वाढते. दारू असेल तर वाढते, नसेल तर सुरू होते.
* घरकामात भांबावतो. चहापत्तीचा डबा कुठला, मुलाच्या शाळेचा ड्रेस कुठं, आईची गोळी जेवणाआधी का नंतर, हे त्याला ठाऊक नसतं. आजवर सगळं तिनंच केलेलं असतं. त्याची लाज वाटते, आणि लाज रागातून बाहेर पडते.
* कुणी भोंदू बाबाकडं, अंगारे-धुपाऱ्यांकडं धावतो. "ऑपरेशनशिवाय बरं करतो" असं कुणी म्हणालं की त्याच्या पायाशी पैसे ठेवतो. भीतीच्या भरात माणूस काहीही धरतो. इथं गटानं वेळेवर बोललंच पाहिजे, कारण यात उपचाराचा वेळ वाया जातो.

आपल्याकडं मुलगा रडायला लागला की लहानपणापासून सांगतात, "पोरीसारखा काय रडतोस?" तोच मुलगा पुढं नवरा होतो. त्याला रडता येत नाही, बोलता येत नाही. आपण गटात बसून एकमेकींना मन मोकळं करतो. त्याच्याकडं असा गट नाही. पारावर पाऊस, बाजारभाव आणि राजकारण यावर बोलणं होतं. "मला भीती वाटते" हे पारावर कोण बोलणार?

जे हळू आवाजात विचारलं जातं

काही प्रश्न बैठकीत मोठ्यानं कुणी विचारत नाही. इथं सरळ लिहिते.

*कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होतो का?* नाही. एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं, जवळ घेतल्यानं किंवा नवरा-बायकोच्या संबंधातून कॅन्सर लागत नाही. तिची ताट-वाटी वेगळी काढू नका. बाहेरून मशीननं दिलेल्या रेडिएशननंतर ती घरी आली की लेकरांना मांडीवर घेऊ शकते.

*केस गेले, स्तन काढला. आता तो माझ्याकडं बघेल का?* केमो सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. उपचार संपल्यावर ते बहुतेक वेळा परत येतात. पण त्या दिवसांत ती आरशासमोर उभी राहत नाही. तिला वाटतं, आता याला माझी किळस येईल. त्याला वाटतं, हात लावला तर हिला दुखेल. ती भिंतीकडं तोंड करून झोपते आणि तो ओसरीत जातो. दोघांनाही एकमेकांची गरज असते आणि दोघांचाही समज चुकीचा असतो. कुणीतरी एकानं बोलायला हवं. जवळीक म्हणजे फक्त संबंध नव्हे. पाय चेपून देणं, डोक्याला तेल लावणं, दवाखान्याच्या बाकावर हात धरून बसणं हीसुद्धा जवळीकच.

*संबंध ठेवले तर चालतात का?* प्रत्येकीचं ऑपरेशन आणि उपचार वेगळे, म्हणून डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारा. त्यांना हा प्रश्न नवा नाही. उपचाराच्या काळात दिवस राहता कामा नयेत, म्हणून निरोध वापरायला सांगतात. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन दिल्यावर योनीमार्ग कोरडा पडतो, आखडतो, दुखतं. त्यावर उपाय असतात, पण सांगितल्याशिवाय ते मिळत नाहीत. आणि तिनं "नको" म्हटलं, तर तिथं विषय संपला. आजारपणात नवऱ्याला नाराज करायचं नाही म्हणून दुखणं सोसू नका.

समजून घेणं वेगळं, सोडून देणं वेगळं

इथं एक रेघ स्पष्ट ओढते. त्याची भीती समजून घ्यायची, पण तिच्या जिवाशी खेळ खपवून घ्यायचा नाही.

"माहेरी जा, तुझ्या भावाला बघू दे" असं म्हणून आजारी बाईला एसटीत बसवून देणं, "आता खर्च बास" म्हणून मधेच केमो थांबवणं, हात उचलणं, दुसऱ्या लग्नाचा विषय काढणं. अशी घरंही आहेत. हे भीतीनं होत असलं तरी ते चूकच. अशा वेळी "तोही बिचारा ताणात आहे" म्हणून गटानं गप्प बसू नये.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे. त्यानुसार तिला राहत्या घरातून काढता येत नाही, आणि औषधपाण्याचा खर्चही ती मागू शकते. महिला हेल्पलाईन १८१. तालुक्याला आणि जिल्ह्याला विधी सेवा कार्यालय असतं, तिथं बाईला उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो.

गटानं काय करायचं?

१. दोघांना भेटा, दोघांना विचारा. घरी गेलात की तिच्याजवळ बसाच. पण निघताना त्यालाही विचारा, "भाऊ, तुम्ही कसे आहात? जेवता का वेळेवर?" पहिल्यांदा तो "बरंय" म्हणेल. तिसऱ्यांदा विचारल्यावर कदाचित बोलेल.

२. काय बोलू नये, ते पाळा. "आमच्या भावकीतल्या एकीला असाच झाला होता, गेली बिचारी", "आधी का नाही नेलं?", "मागच्या जन्माचं काही असेल" ही वाक्यं उंबऱ्याबाहेर ठेवा. "आधी का नाही नेलं" हा प्रश्न तो स्वतःला रोज रात्री विचारतोच आहे. "काही लागलं तर सांगा" याचाही उपयोग होत नाही, कारण कुणी सांगत नाही. त्यापेक्षा म्हणा, "उद्यापासून आठवडाभर डेअरीला दूध मी घालते."

३. कामं वाटून घ्या, पण त्याला बाजूला बसवू नका. पाणी, दूध, म्हातारीचं औषध, मुलांचे डबे असा तक्ता करा. काही कामं गटातल्या बायका घेतील, पण भात, वरण, भाकरी त्याला शिकवा. त्याची पहिली भाकरी नकाशासारखी होईल. होऊ द्या. हाताला काम आलं की मनाला आधार येतो, आणि तिलाही "माझ्यावाचून घर बंद पडलं" हा घोर राहत नाही.

४. मुलीची शाळा सुटू देऊ नका. आई आजारी पडली की पहिला घाव मुलीच्या शिक्षणावर पडतो. बाप काही वाईट हेतूनं करत नाही, त्याला दुसरं सुचत नाही एवढंच. गटानं त्याला दुसरं सुचवावं. सकाळी अकरा ते पाच मुलगी शाळेत असली पाहिजे, असं ठरवून मगच तक्ता मांडा.

५. गाय विकण्याआधी योजना बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यात मिळतात, आणि त्यात कॅन्सरचे उपचारही येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. चौकशीसाठी फोन १५५३८८. बुडालेली मजुरी आणि सोबत्याचं राहणं-जेवण यासाठी मात्र पैसा लागतोच. तिथं गटाचं अंतर्गत कर्ज आणि ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी कामाला येतो. तिचे हप्ते थकणार असतील, तर बैठकीत ठराव घेऊन मुदत वाढवा आणि इतिवृत्तात लिहा. आजारी बाईच्या दारात वसुलीला जायची वेळ आणू नका. सावकाराकडं आणि साप्ताहिक वसुलीच्या फायनान्सकडं तो एकटा जाण्याआधी तुम्ही त्याच्याकडं जा.

६. खेपांना सोबत द्या. प्रत्येक खेपेला नवराच गेला पाहिजे असं नाही. दीर, भाऊ, गटातली एखादी अशी चार नावं काढा. एक खेप तुमची झाली, की त्याला एक दिवस शेताला मिळतो, किंवा नुसता झोपायला मिळतो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाता-येता स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ आहे आणि एका सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो. एसटीतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे, आगारात विचारा. मुंबईला परळच्या टाटा दवाखान्यात उपचार असतील, तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. बाबांचं नाव चालवणाऱ्या त्या जागेनं कितीतरी खेड्यातल्या माणसांना आसरा दिला आहे. जागेची चौकशी आधी करून जा.

७. एक वही करा. पुढची तारीख, गोळ्यांच्या वेळा, रिपोर्ट कुठल्या पिशवीत आहेत, दवाखान्याचा फोन, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. पहिल्या दिवशी त्याला काही ऐकू आलं नव्हतं, आठवतंय ना? म्हणून दुसऱ्या खेपेला लिहिता येणारं माणूस सोबत द्या. वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: केमोनंतर ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. केमोत अंगातली ताकद कमी झालेली असते आणि साधा दिसणारा ताप जिवावर उठू शकतो. घरात थर्मामीटर हवाच.

८. पुरुषाला पुरुष भेटवा. त्याचा जुना मित्र, साडू, शाळेतले गुरुजी, ज्याचा तो ऐकतो असा एक माणूस शोधा. आपल्या घरातल्या माणसांनाही सांगा, "संध्याकाळी जरा त्यांच्याकडं बसून या." ज्याच्या घरात हे आजारपण येऊन गेलं असा कुणी असेल, तर फारच चांगलं.

हे दिसलं तर थांबू नका

दोन आठवडे झोप नाही, रोज दारू, अंघोळ-जेवणाचं भान नाही, "जगून काय करू" असं बोलणं, देणी-घेणी अचानक मिटवायला लागणं. यातलं काही दिसलं, तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवून दुसरीकडं कुलपात ठेवा. टेली-मानस हा सरकारचा मोफत फोन आहे, १४४१६. दिवसा-रात्री कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. तोच नव्हे, तुम्हीही त्याच्यासाठी लावू शकता. जीव धोक्यात वाटला, तर सरळ ११२.

उपचार संपल्यावर

शेवटचा केमो झाला, की गल्ली म्हणते, "सुटलात बाई." येणं-जाणं कमी होतं. पण पुष्कळ नवरे तेव्हाच खचतात. इतके दिवस पळत होता, आता थांबल्यावर सगळा शीण अंगावर येतो. दर काही महिन्यांनी तपासणी असते, आणि तारीख जवळ आली की दोघांचीही झोप जाते. म्हणून गटाचा तक्ता शेवटच्या केमोबरोबर फाडू नका. तपासणीची तारीख बैठकीच्या वहीत लिहून ठेवा, आणि त्या आठवड्यात एकदा चहाला जा.

आता आपण मघाशी पाहिलेल्या घरात परत जाऊ. समजा, चौथ्या केमोनंतरची संध्याकाळ आहे. ती खाटेवर पडली आहे, तो चुलीपुढं आहे. भाकरी पुन्हा फाटली. ती म्हणते, "पीठ गार पाण्यात मळलंत का?" तो तव्याकडं बघत म्हणतो, "दिवाळीत तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही." ती थोडा वेळ गप्प राहते. मग म्हणते, "मी तरी कुठं नेटानं सांगितलं? गरम पाणी घ्या, भाकरी फाटणार नाही."

एवढंच बोलणं. पण ते व्हायला चार महिने लागले. गटानं त्या दोघांना तेवढी उसंत मिळवून दिली, तर खूप झालं.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या घरात आपण महिनाभर उठू शकलो नाही, तर कोणती पाच कामं नवऱ्याला येणार नाहीत? ती आजपासून कशी शिकवता येतील?

२. गावात कुणाच्या घरी मोठं आजारपण असताना आपण घरधन्याला कधी विचारलं का, "तुम्ही कसे आहात?" नसेल, तर का नाही?

३. आजारी बाईचा हप्ता थकला, तर आपल्या गटाचा नियम काय आहे? नसेल, तर आज ठरवा.

या महिन्याचं काम

प्रत्येकीनं रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावं जुळतात का ते बघा, आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी आशाताईंना विचारून स्तनाची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत आहे. आणि गाठ लागली, अंगावरून पांढरं किंवा लाल जास्त जायला लागलं, तर घरात नेटानं सांगा. गाठ दुखत नसली तरी सांगा. सोयाबीन निघायची वाट बघू नका.